यादी दाखवा : मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या अधिसभा सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय अधिसभा सदस्यांना,

जय सेवालाल. जय भीम.

आपल्याकडची बहुतेक कॉलेजं दोन विद्यापीठांना जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव एकीकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली दुसरीकडे. हे पत्र दोन्हीकडच्या अधिसभांना, म्हणजे सिनेटना आहे, कारण मला जे मागायचंय, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज अडलेल्यांची यादी विद्यार्थी प्रतिनिधीला बघता यावी, ते दोन्हीकडे मागावं लागेल. माझ्या कॉलेजचं नाव मी यात लिहिणार नाही. तिथल्या कुणाशी माझं वैर नाही, काही जणांचे तर उपकार आहेत. आणि जे तिथं घडलं ते तिथंच घडतं असंही नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. याडी-बापू, म्हणजे आई-वडील, दरवर्षी ऊसतोडीला जातात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेवर घेतलं. मागासवर्गीयांची राखीव जागा आळीपाळीनं फिरते. त्या वर्षी ती विमुक्त-भटक्यांकडे आली होती, आणि त्या प्रवर्गातली, बऱ्यापैकी मार्क असलेली, रोज हजर राहणारी मुलगी म्हणून माझं नाव निघालं. कुणी मत दिलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. सरांनी वर्गात येऊन नाव वाचलं आणि म्हणाले, "सव्वीस जानेवारीला लवकर ये. साडी नेसून ये."

प्रतिनिधी म्हणजे काय करायचं, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. ते मी ऑफिसच्या खिडकीवर शिकले. त्याच खिडकीबद्दल लिहायला बसले आहे.

आमच्याकडे तास चालू असताना शिपाईमामा नोटीस घेऊन यायचे. सर ती मोठ्यानं वाचायचे, "सर्व बी.सी. विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसाठी ताबडतोब ऑफिसला जावे." मग आम्ही उठायचो. ऐंशी जणांच्या वर्गातून तीसएक जण बाकाबाकावरून उठून दाराकडे निघाले, की उरलेले बघत राहायचे कोण कोण उठलं. वाईट हेतूनं बघायचे असं नाही, पण बघायचे. एक मुलगी मात्र कधीच उठली नाही. माझ्या पुढच्या बाकावर बसायची, वहीत डोकं घालून. दोन वेळा नोटीस आली, ती दोन्ही वेळा बसून राहिली. अर्जाची मुदत संपली तेव्हा तिनं जिन्यात गाठून सांगितलं, की शहरात खोली मिळेना म्हणून तिनं घरमालकिणीला दुसरंच आडनाव सांगितलं होतं. त्या बाईंची पुतणी आमच्याच वर्गात होती. उठली असती तर संध्याकाळी सामान रस्त्यावर आलं असतं.

त्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती गेली. सरकारी कागदावर तिची नोंद काय झाली असेल? अर्ज केला नाही, एवढीच. तिनं अर्ज का केला नाही हा प्रश्न आजवर कुठल्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलेला मी पाहिला नाही.

मी त्या दिवशी दोनशे पानी वही घेतली. खिडकीवर जो येईल त्याचं नाव, गाव, काय अडलं, कुणी काय सांगितलं, असे रकाने आखले. पहिल्या महिन्यात मला वाटायचं की आपण तक्रारी लिहितोय. दिवाळीपर्यंत कळलं, की तक्रारी थोड्याच आहेत, वही भरतेय ती कागदांनी. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. रेशनकार्डावर नाव एक आणि टीसीवर दुसरं, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ऐकू आलं तसं लिहिलं. बारावीनंतर एक वर्ष उसाच्या फडात गेलं म्हणून गॅप सर्टिफिकेट. अंगठ्याचा ठसा उमटत नाही, कारण कोयता धरून बोटांच्या रेषा झिजल्यात. यातलं प्रत्येक काम एका दिवसाचं. पण तो एक दिवस म्हणजे तालुक्याची एक फेरी, एका माणसाची एक दिवसाची मजुरी. आणि तिथं गेल्यावर कळणार, की साहेब आज दौऱ्यावर आहेत.

आपल्यातल्या काही जणांना हे माहीत असेल, तरी सांगते. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, मुलानं अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. क्लार्क तपासतात, मग प्राचार्य पुढे पाठवतात, मग तो जिल्ह्याला सहायक आयुक्तांकडे जातो. मुलाला त्याच्या मोबाईलवर दिसतं ते एवढंच, की अर्ज प्रलंबित आहे. कशामुळे, कुणाकडे, किती दिवस, हे त्या पोराला उलगडत नाही. क्लार्कच्या पडद्यावर मात्र अख्ख्या कॉलेजचे अर्ज असतात. कोण अडलंय, कुठल्या कागदाला अडलंय, सगळं. आमच्या ऑफिसात एकच माणूस प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती असं तिन्ही बघायचा. दुसरी जागा रिकामी होती. त्यांना मी दोष देत नाही. संध्याकाळी सात वाजता वीज गेली तर मोबाईलच्या उजेडात अर्ज लावताना मी त्यांना पाहिलंय. मी एकदा म्हटलं, "काका, अडलेल्यांची यादी मला द्या, मी एकेकाला गाठून कागद आणवते." ते म्हणाले, "पोरी, द्यायला मला काय, पण तू कोण? उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?"

मी विद्यार्थी परिषदेची सदस्य होते. कायद्यानं नेमलेली. तरी त्यांचा प्रश्न बरोबर होता. यादी बघण्याचा अधिकार मला कुठल्याच कागदानं दिलेला नव्हता.

माझी मागणी इथूनच सुरू होते आणि बरीचशी इथंच संपते. वंचित समाजातून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधीला ही यादी बघण्याचा हक्क लेखी द्या. बाकी पुढं जे लिहिलंय ते का आणि कसं याबद्दल आहे.

मला इतिहास शिकवायचा नाही, आपल्यातले कित्येक त्यातून गेलेत. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, त्याचं पुढं मिलिंद झालं. नागसेनवनात वर्गांच्या जोडीला वसतिगृहं उभी राहिली, कारण गावाकडून आलेलं पोर आधी कुठंतरी झोपलं पाहिजे, जेवलं पाहिजे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. 1979 ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या तारखेला लोक लेकराबाळांसह येतात आणि विद्यापीठ गेटला माथा टेकवतात. मीही टेकवलाय. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी होत्या, गेटच्या दगडावरून हात फिरवत होत्या, जसा आपण लेकराच्या पाठीवरून फिरवतो. बरोबरचा नातू कुठल्याशा तालुक्याच्या कॉलेजात शिकत होता. "शिष्यवृत्ती आली का रे?" विचारलं तर म्हणाला, "नाही ताई, मागच्या वर्षीचीच पेंडिंग दाखवायली."

त्या आजींनी त्या गेटसाठी काय काय सोसलं असेल, मला माहीत नाही. नातवाचा अर्ज का अडला, हे तिला सांगू शकेल असा एक तरी माणूस त्या कॉलेजात असावा, एवढंच माझ्या मनात आलं.

आता कागदाचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण याशिवाय यादीचं महत्त्व कळणार नाही. जातीच्या दाखल्याला महाराष्ट्रात ठरावीक तारखांच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. पुण्या-मुंबईकडे हा पुरावा काढणं अवघड असेल, आपल्याकडे आणखीच अवघड. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुनं दफ्तर उर्दूत, काही मोडीत. ते वाचणारा माणूस शोधण्यातच आठवडे जातात. आणि ज्यांची घरंच नव्हती त्यांचं काय? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या समाजांवर शिक्का मारला, त्यांची सुटका व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावं लागलं. आमच्या आज्या-पणज्यांची नावं पोलिसांच्या हजेरीपटावर लागायची, शाळेच्या पटावर नाही.

आमच्या कॉलेजला एक मुलगी होती, मसणजोगी समाजातली. पालावर वाढलेली, घराण्यातली पहिली बारावी पास. तिला खिडकीवर सांगितलं, "आजोबांचा टीसी आण." ती दोन आठवडे येत राहिली. रोज नवीन माणूस, रोज तेच वाक्य. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली नाही, मीच तिला एसटी स्टँडवर पाहिलं, पिशवी भरून गावाकडं निघालेली. म्हटलं, "कुठं चाललीस?" म्हणाली, "ताई, माझा आजा शाळेत गेला असता तर मी कशाला हितं रडत बसले असते?"

मला तेव्हा काही येत नव्हतं. मी तिला घेऊन सेतू केंद्रात गेले, रांगेतल्या लोकांना विचारत गेले. तिथं एका गृहस्थांनी सांगितलं, की वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची जात वैधता असेल तर ती मोठा आधार होते, आणि पुरावाच नसेल तर गृहचौकशीची मागणी करता येते. मुलीनं बापाला फोन लावला. बापानं चुलत्याला, चुलत्यानं त्याच्या मेहुण्याला. परभणीकडं एक चुलत चुलते निघाले, नगरपालिकेत सफाईला लागलेले, नोकरीसाठी वैधता काढलेली. त्या एका झेरॉक्सनं तिचं काम पुढं सरकलं. दाखला हातात पडला त्या दिवशी तिनं तो प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातला, फाइल ओढणीत गुंडाळली आणि पोटाशी धरून बसमध्ये बसली.

आता यात मी फार मोठं काही केलं नाही. मला फक्त ती स्टँडवर दिसली. न दिसती तर? त्याच वर्षी त्याच खिडकीवरून परत गेलेली, मला न दिसलेली किती जणं असतील? क्लार्ककाकांच्या पडद्यावर ती सगळी नावं होती.

यादी मागतेय म्हणजे नावं भिंतीवर लावा असं म्हणत नाही. उलट नावं भिंतीवर लागू नयेत, वर्गात वाचली जाऊ नयेत, हीच माझी पहिली विनंती आहे. आडनाव लपवून राहणाऱ्या त्या मुलीला मी विसरलेले नाही. नोटीस बोर्डावर दर पंधरा दिवसांनी फक्त आकडे लागावेत. इतके अर्ज आले, इतके पुढे गेले, इतके अडले, यातले इतके उत्पन्नाच्या दाखल्याला, इतके आधारला. नावांची यादी क्लार्कच्या शेजारी बसून बघायची ती प्रतिनिधीनं, तीही ज्यानं तशी संमती दिली त्याचीच. अर्ज भरतानाच एक ओळ विचारा, "अडचण आल्यास विद्यार्थी प्रतिनिधीला कळवावे का?" वर्गातल्या नोटिशीऐवजी मोबाईलवर मेसेज जावा. यासाठी विद्यापीठानं काढायचं ते एक परिपत्रक आहे. पैसे लागत नाहीत.

पण परिपत्रक कुणी मागायचं? परिषदेच्या बैठकीत मी मागितलं होतं. वर्षात दोन बैठका झाल्या. पहिलीत स्नेहसंमेलनाची तारीख, रांगोळी स्पर्धा, निरोप समारंभाची वर्गणी. मी वही घेऊन गेले होते. माझी वेळ आली तेव्हा अडलेल्या अर्जांचा विषय काढला. अध्यक्षस्थानचे सर शांतपणे म्हणाले, "तो प्रशासनाचा विषय आहे, परिषदेचा नाही." दुसऱ्या बैठकीत मी तोच विषय लेखी दिला. नंतर इतिवृत्त बघायला मिळालं, त्यात माझ्या नावापुढं "उपस्थित" एवढंच होतं. निघताना दुसरे एक सर हसत म्हणाले, "तुझे इंटर्नल माझ्याकडे आहेत, लक्षात आहे ना?" गंमत म्हणून म्हणाले असतील. मी त्या रात्री झोपले नाही. माझी याडी ज्या वेळी फडात मोळ्या बांधत होती, त्या वेळी तिच्या लेकीचे वीस मार्क त्या वाक्यावर टांगलेले होते.

तेव्हा प्रतिनिधीनं लेखी दिलेला प्रत्येक मुद्दा इतिवृत्तात जसाच्या तसा यावा आणि महिन्याच्या आत त्याला लेखी उत्तर मिळावं. उत्तर "नाही" असलं तरी चालेल. कागदावरच्या नाहीला पुढं नेता येतं. आणि ज्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधी आहे, त्या वर्षीचे त्याचे अंतर्गत गुण त्यानं मागितल्यास दुसऱ्या विभागाकडून तपासून घ्यायची सोय असावी.

यूजीसीच्या 2012 च्या नियमांत प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलाय. आमच्याकडे तो अधिकारी कोण, हे मी तीन ठिकाणी विचारलं. शेवटी नाव सापडलं, ते गुरुजी आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. आपल्या विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांमधल्या या अधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर वर्षातून एकदा तपासले जातात का, हा साधा प्रश्न आपण अधिसभेत विचारू शकता. त्या प्रश्नाला सभागृहात उत्तर द्यावंच लागेल.

आता ऊसतोडीचं. हे माझ्या घरचं आहे म्हणून थोडं जास्त लिहीन.

दसरा झाला की बालाघाटाच्या पट्ट्यातल्या तांड्या-वाड्यांवर मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलात. मधले पाच-सहा महिने आपल्या पहिल्या सत्राचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. म्हणजे अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा, परत नव्या सत्राची हजेरी, सगळं याच्यात. घरी म्हातारं माणूस असेल तर पोर मागं राहतं. नसेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली बहीण कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, जाते. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे मुकादमाच्या हिशोबात येत नाही. लेखी परीक्षेला ती कशीबशी येते, रात्रभर ट्रकात बसून. पण अंतर्गत चाचणी अचानक लागते, "उद्या टेस्ट आहे" असा ग्रुपवर मेसेज येतो, आणि ती कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात असते. नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत गुणांचं वजन वाढलंय. धोरण करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, वर्षभर अभ्यास व्हावा असा. पण ज्याचं वर्षच दोन गावांत वाटलेलं आहे, त्याच्यावर हे वजन दुप्पट पडतं.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं दिवाळीच्या आधी घाईनं लग्न झालं. तिच्या नवऱ्याला जोडी हवी होती, कोयता पूर्ण होत नव्हता असं बायका बोलत होत्या. त्याच्यावर मला इथं आणखी लिहवत नाही.

मी त्या वर्षी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेले. वहीतली अकरा नावं, गावं, फडाचं ठिकाण, मुकादमाचा नंबर, सगळं लिहून. त्यांनी पूर्ण वाचलं. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "यांची चाचणी जानेवारीत परत घेऊ. मी बोलतो सगळ्यांशी." आणि खरंच घेतली. अकरापैकी नऊ जण आले. त्यातली एक मुलगी संक्रांतीच्या दिवशी फडातून थेट आली होती, हाताला उसाच्या पाल्यानं कापलेलं. हात धुऊन पेपर लिहायला बसली. त्या सरांचे उपकार म्हटले ते यासाठी.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. नव्या प्राचार्यांना मागचं काही माहीत नव्हतं, कारण कुठं काही लिहिलेलंच नव्हतं. नवीन प्रतिनिधी आला, तो एका वेगळ्या प्रवर्गातला, वेगळ्या तालुक्यातला. त्याला ऊसतोडीचं काही ठाऊक नसणं हा त्याचा दोष नाही. माझी वही मी त्याला दाखवली, त्यानं मनापासून वाचली. पण वर्षभरात तोही गेला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या विद्यार्थ्यांना अंतर्गत चाचणीची दुसरी तारीख मिळेल, ग्रामपंचायतीचा किंवा मुकादमाचा दाखला पुरेल, एवढं विद्यापीठाच्या अध्यादेशात आलं, तर दर वर्षी एका भल्या माणसाची वाट बघावी लागणार नाही.

आपल्यातले काही जण विचारतील, की निवडणुका घ्या म्हणजे खरे प्रतिनिधी येतील, मग यादी कशाला? निवडणुका मलाही हव्यात. 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून खुल्या निवडणुका थांबल्या आणि मार्कांवरून नेमणूक सुरू झाली. 2016 च्या कायद्यात त्या परत आल्या, तो कायदा 1 मार्च 2017 ला लागू झाला. 2019 ला वेळापत्रक निघालं आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढं ढकललं गेलं. तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. पैसा आणि दादागिरी येईल ही भीती खोटी नाही, तरी मतानं आलेल्या पोराला "तू कोण?" असं कुणी विचारू शकत नाही. पण निवडून आलेल्याच्या हातातही कागद नसेल, तर तो गॅदरिंगच करणार. मी तेच केलं असतं. पहिले दोन महिने मीही साडी नेसून फोटोत उभी राहिले आणि मला बरं वाटलं होतं, हेही इथं लिहून ठेवते.

आणि एक साधी गोष्ट, बैठकीच्या प्रवासाची. विद्यापीठाच्या बैठकीला किनवटहून नाहीतर आष्टीहून येणारं पोर पहाटे घर सोडतं. प्राध्यापकांना प्रवासभत्ता मिळतो, पोराला सही करून चहा. ज्याच्या खिशात एसटीचं भाडं नाही तो येतच नाही, आणि नेमका त्याचाच समाज बैठकीत नसतो. मार्चच्या अर्थसंकल्पी सभेत या एका ओळीची तरतूद करा.

खोलीचा प्रश्न मी मुद्दाम थोडक्यात लिहिते, कारण तो समाजकल्याण खात्याकडचा आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला वर्षाला 51,000 रुपये. पैसे येतात, पण घरमालक जूनपासून दर महिन्याला मागतो. 2022 मध्ये केंद्रानं मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, तेव्हा संशोधन करणारी मुस्लीम मुलं कुणाकडं जाणार होती? राखीव प्रतिनिधीच्या जागेत त्यातली बरीच बसत नाहीत, तरी माझ्या खिडकीवर तीही आली होती. दिव्यांग मुलंही आली. मी सगळ्यांची नावं एकाच वहीत लिहिली, तिथं प्रवर्ग पाहिला नाही.

2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा फुगल्या आणि घरांत पाणी शिरलं, तेव्हा मी कॉलेज सोडून बरेच दिवस झाले होते. तरी मला जुन्या ओळखीवर फोन आले. "ताई, कागदं भिजली, काय करू?" एका मुलानं व्हिडिओ कॉल करून पत्र्यावर वाळत घातलेले दाखले दाखवले, प्रत्येकावर एक एक खडा ठेवलेला. मी काय सांगणार? तलाठ्याकडं पंचनाम्यात कागदांची नोंद करून घे, कॉलेजला ती पावती दे. तो म्हणाला, "कॉलेजात कुणाकडं द्यायची?" त्याला मी नाव सांगू शकले नाही.

पदवीधर गटातून आपण दहा जण निवडून येता. त्यातल्या पाच जागा राखीव असतात, अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, ओबीसी आणि महिला. या पाच जणांना मी वेगळं लिहिते. दादा, ताई, ज्या खिडकीवर मी उभी होते तिथं आपणही कधीतरी उभे होतात. आपल्याला कुणी यादी दाखवली नव्हती. येत्या सभेत आपण पाच जणांनी मिळून एक ठराव मांडा. बाकीचे सदस्य त्याला विरोध करतील असं मला वाटत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असंच त्यातले बरेच म्हणतील. म्हणून सांगते आहे.

वही माझ्याकडे आहे. पानं सुटायला लागली होती, दोऱ्यानं शिवून घेतली. नावं झाकून ती आपल्याला दाखवायची माझी तयारी आहे. कुठल्याही सोमवारी बोलवा, शिकवणीला मी त्या दिवशी सुट्टी घेते. तांड्यावरून पहिली गाडी सकाळी सहाला आहे, अकरापर्यंत मी पोहोचते.

आपली,
मराठवाड्यातल्या एका कॉलेजची माजी विद्यार्थी प्रतिनिधी